लुळी कोकरे, अडखळती चाल आणि तांबे

शरीराला तांबे कमी पडले, तर मज्जारज्जू आणि हातापायांचे मज्जातंतू निकामी होऊ शकतात. मेंढ्यांच्या बाबतीत हे १९३७ साली सिद्ध झाले. प्रौढ माणसाच्या मज्जारज्जूचा असाच आजार वैद्यकीय नियतकालिकांत ठळकपणे नोंदला जायला २००१ साल उजाडले. तांब्याची रक्तातली पातळी मोजता येते, त्याचे क्षार स्वस्तात मिळतात, तरीही माणसांच्या डॉक्टरांचे या उणिवेकडे सहा दशके लक्ष गेले नाही. हा आजार कुरणात सापडला, पशुवैद्यांनी त्याचे कोडे सोडवले आणि पुढची कित्येक वर्षे तो पशुवैद्यकाच्याच पुस्तकांत राहिला.

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते आणि रोजची गरज एका मिलिग्रॅमच्या आसपास असते. कलेजी, कालवे, तीळ, काजू, डाळी आणि कोको यांतून ती सहज भागते. गरज एवढी थोडी आणि धातू इतक्या पदार्थांत असल्यामुळे, चारीठाव जेवणाऱ्या माणसाला तांबे कधी कमी पडेल असे कोणाला वाटत नव्हते. एकाच कुरणावर वर्षभर चरणाऱ्या मेंढीची गोष्ट वेगळी होती. तिच्या पायाखालच्या जमिनीत जे नाही, ते तिच्या पोटातही जात नव्हते.

विषापासून पोषकापर्यंत

एकोणिसाव्या शतकात तांब्याची ओळख मुख्यतः विष म्हणून होती. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, बुरशी मारण्यासाठी वापरले जाई. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डो भागात मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण द्राक्षवेलींवर फवारण्यास सुरुवात झाली. नाशिक-सांगलीचे बागायतदार तेच मिश्रण आजही बोर्डो या नावाने ओळखतात. प्राण्यांच्या शरीरात तांब्याचे अंश सापडत. पण ते भांड्यांतून किंवा मातीतून आलेली भेसळ असावी, असेच बहुतेकांना वाटे. अपवाद समुद्री जिवांचा. १८७८ मध्ये बेल्जियन शास्त्रज्ञ लेऑं फ्रेडरिक यांनी ऑक्टोपसच्या निळसर रक्तात प्राणवायू वाहून नेणारे तांबेयुक्त प्रथिन दाखवले होते. सस्तन प्राण्यांना मात्र या धातूचा काही उपयोग असेल, असे मानले जात नव्हते.

१९२८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हा समज मोडला. एडविन हार्ट, हॅरी स्टीनबॉक, जेम्स वॉडेल आणि कॉनराड एल्व्हेजेम यांनी उंदरांना फक्त दुधावर वाढवले. दुधात लोह फार कमी, त्यामुळे उंदरांना रक्तक्षय झाला. शुद्ध लोहाचे क्षार दिले तरी तो बरा होईना. यकृताची राख दिली की होई. राखेत दडलेला तो घटक तांबे निघाला. लोहाबरोबर अत्यल्प तांबे दिले की हिमोग्लोबिन वाढू लागे. या प्रयोगानंतर तांबे आवश्यक पोषकांच्या यादीत गेले, पण रक्तासाठी. मज्जारज्जूशी त्याचा संबंध असल्याची शंका तोवर कोणालाच आली नव्हती.

डर्बीशायरच्या टेकड्या

इंग्लंडच्या मध्यभागातील डर्बीशायर हा चुनखडीच्या टेकड्यांचा आणि मेंढ्यांचा मुलूख. इथल्या मेंढपाळांना कोकरांचा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. ते त्याला ‘स्वेबॅक’ म्हणत, तर उत्तर डर्बीशायरमध्ये ‘वॉर्फा’ हे नाव चाले. वसंतात मेंढ्या व्यायल्या की काही कोकरे उभीच राहू शकत नसत. काही उभी राहत, पण पळू लागताच त्यांचा मागचा भाग डुलू लागे, पाय एकमेकांत अडकत आणि कोकरू कुत्र्यासारखे बसकण मारी. त्याचे डोळे तरतरीत असत, तोंडाशी आचळ आणले की ते दूधही पिई. कंबरेखाली मात्र जोर नसे. आई दिसायला धडधाकट असे. एखाद्या वर्षी कळपातली मोजकीच कोकरे जात, एखाद्या वर्षी निम्मा हंगाम बुडे.

या भागात रोमन काळापासून शिशाच्या खाणी होत्या. त्यामुळे पहिला संशय शिशावर गेला: खाणींच्या मातीतून गवतात आणि गवतातून गाभण मेंढीत शिसे जात असावे. केंब्रिजमधील पशुविकृतिशास्त्रज्ञ जे. आर. एम. इनिस आणि डर्बीशायरचे पशुवैद्य जी. डी. शिअरर यांनी तिसाव्या दशकात या कोकरांचे मेंदू आणि मज्जारज्जू तपासले. काही कोकरांच्या मेंदूतील पांढरा भाग विरघळून तिथे पोकळ्या पडल्या होत्या. मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण नाहीसे झाले होते किंवा मुळातच नीट तयार झाले नव्हते. विजेच्या तारेवर जसे वेष्टण, तसे मज्जातंतूवर मायलिन असते. ते गेले की संदेश मंदावतात किंवा वाटेतच विरतात. नेमके काय बिघडले हे दिसले होते, ते का बिघडले याचे उत्तर मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडून आले.

जिनजिनचे उत्तर

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेला जिनजिन हे गाव आहे. किनारपट्टीच्या रेताड जमिनीवर तिथे वसाहतकारांनी मेंढ्यांचे कळप वाढवले होते. कोकरे एक-दोन महिन्यांची होईपर्यंत ठीक असत आणि मग झोकांड्या खाऊ लागत. मेंढ्या फिकट पडत, त्यांना रक्तक्षय होई. राज्याच्या कृषी खात्यातील पशुविकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड बेनेट्स यांनी या आजाराचा पाठपुरावा केला. आजारी कळपांच्या रक्तात आणि यकृतात तांबे फारच कमी आढळले. त्यांच्या कुरणातील गवतही तसेच होते. गाभण मेंढ्यांना तांब्याचे क्षार दिल्यावर त्यांची कोकरे निरोगी जन्मली आणि निरोगीच राहिली. बेनेट्स आणि एफ. ई. चॅपमन यांचा लेख १९३७ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन व्हेटरिनरी जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. कोकरांचा हा मज्जारोग आणि मेंढ्यांचा रक्तक्षय या दोहोंचे मूळ एकच, तांब्याची उणीव, असे त्यात मांडले होते.

ही बातमी इंग्लंडला पोचायला वेळ लागला नाही. १९३८ मध्ये जी. डनलॉप आणि एच. ई. वेल्स यांनी उत्तर डर्बीशायरमधील गाभण मेंढ्यांच्या आहारात तांबे मिसळून ‘वॉर्फा’ टाळता येतो, हे दाखवले. उपाय सोपा होता, पण एक अट होती. कोकराचा मज्जारज्जू आईच्या पोटातच घडतो, म्हणून तांबे गाभणपणातच द्यायला हवे. लुळे पडलेले कोकरू नंतर तांबे देऊन उभे करता येत नसे. माणसांच्या बाबतीत उपचार उशिरा सुरू झाला तर काय होते, याची ही पहिली सूचना होती.

तांब्याच्या उणिवेची इतर रूपेही ऑस्ट्रेलियातच उलगडली. तांबे कमी पडलेल्या मेंढीच्या लोकरीतला कुरळेपणा जाई आणि ती तारेसारखी सरळ, चकचकीत व कमकुवत होई. व्यापारी तिला ‘पोलादी लोकर’ म्हणत आणि तिला भाव कमी मिळे. काळ्या मेंढ्यांच्या लोकरीत करडे पट्टे उमटत. आहारातले तांबे कमी-जास्त होईल तसे हे पट्टे येत-जात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गाई चरता चरता एकाएकी कोसळून मरत. बेनेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचाही संबंध तांब्याच्या उणिवेशी जोडला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या चुनखडी वाळूच्या किनाऱ्यावरील मेंढ्यांचा ‘कोस्ट डिसीज’ तांबे आणि कोबाल्ट या दोन्हींच्या कमतरतेमुळे होतो, हे ॲडलेडमध्ये हेडली मार्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झाले.

गवतात तांबे आहे, तरीही

डर्बीशायरचे कोडे पूर्ण सुटले नव्हते. जिनजिनच्या गवतात तांबे खरोखरच कमी होते. इंग्लंडमध्ये मात्र स्वेबॅक होणाऱ्या अनेक कुरणांतील तांबे जवळजवळ सामान्य निघाले. गवतात असलेले तांबे मेंढीच्या अंगी का लागत नाही, हा प्रश्न उरला.

त्याचा धागा सॉमरसेट परगण्यात मिळाला. तिथल्या काही कुरणांवर गाई चरल्या की त्यांना हगवण लागे. १९३८ मध्ये फर्ग्युसन, लुईस आणि वॉटसन यांनी दाखवले की त्या गवतात मॉलिब्डेनम हा धातू जास्त आहे आणि मोरचूद पाजले की हगवण थांबते. पुढे ऑस्ट्रेलियात ए. टी. डिक यांनी मॉलिब्डेनम, गंधक आणि तांबे यांचे नाते उलगडले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मॉलिब्डेनम आणि गंधक एकत्र येऊन अशी संयुगे तयार होतात, की ती तांब्याला घट्ट धरून ठेवतात. मग ते तांबे शरीरात न शिरता शेणावाटे निघून जाते. चरताना गवताबरोबर पोटात जाणारी माती आणि तिच्यातले लोहही असाच अडथळा आणते. कुरण सुधारण्यासाठी चुना टाकला की गवत जास्त मॉलिब्डेनम शोषून घेते. त्यामुळे डोंगराळ कुरणे सुधारल्यावर स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी स्वेबॅक वाढला.

मेंढपाळांच्या एका जुन्या निरीक्षणाचा अर्थही यातून लागला. ज्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडे, त्या वर्षी स्वेबॅक कमी होई. बर्फात कुरण झाकले गेले की मेंढ्यांना बाहेरून आणलेला चारा आणि खुराक मिळे, आणि मातीही पोटात जात नसे. ब्रिटनमध्ये पुढे बर्फाचे दिवस मोजून स्वेबॅकचा अंदाज वर्तवला जाऊ लागला.

मेंढीच्या जातीचाही यात वाटा होता. एडिंबरामध्ये जेराल्ड वीनर यांनी दाखवले की एकाच कुरणावर चरणाऱ्या वेगवेगळ्या जातींच्या रक्तात तांब्याची पातळी वेगवेगळी राहते. याचे टोकाचे उदाहरण ऑर्कनी द्वीपसमूहातील नॉर्थ रोनाल्डसे बेटावरच्या मेंढ्यांचे. त्या समुद्रकिनारी शेवाळ खाऊन जगतात. त्यात तांबे फार कमी असल्यामुळे मिळेल तो कण शोषून घेण्याची क्षमता त्यांच्यात आली. याच मेंढ्या साध्या गवताळ कुरणावर आणल्या, तर तांब्याच्या विषबाधेने मरू शकतात.

मज्जारज्जूत काय घडते

तांबे नसल्यामुळे मज्जातंतू का मरतात, याचे उत्तर जीवरसायनशास्त्राने दिले. १९५९ मध्ये हॉवेल आणि डेव्हिसन यांनी स्वेबॅक झालेल्या कोकरांच्या मेंदूत तांबे कमी असल्याचे आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराचे काम मंदावल्याचे नोंदवले. पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा अखेरची पायरी हे विकर पार पाडते आणि त्याच्या गाभ्यात तांबे असते. मज्जारज्जूतील मोठ्या चेतापेशींना आणि त्यांच्या लांब तंतूंना ऊर्जा सतत लागते. ती कमी पडली की त्या आधी कोमेजतात. मायलिन तयार करणाऱ्या पेशींनाही याच काळात फटका बसतो.

तांब्यावर चालणारी इतरही विकरे आहेत. सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज पेशींना घातक ऑक्सिजनयुक्त कणांपासून वाचवते. त्याचे कार्य १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी शोधले. डोपामाइनचे नॉरएपिनेफ्रिन करणारे विकर, रक्तवाहिन्यांना बळकटी देणारे लायसिल ऑक्सिडेज आणि केसांना रंग देणारे टायरोसिनेज हीदेखील तांब्यावर अवलंबून असतात. काळ्या लोकरीचे करडे पट्टे, गाईंचे एकाएकी कोसळणे आणि कोकरांचे लुळेपण या वरवर वेगळ्या गोष्टी एकाच उणिवेतून का येतात, हे या यादीवरून समजते.

मेंढपाळीत झालेला बदल

कारण कळल्यावर मेंढपाळीच्या पद्धती बदलल्या. चाटण्याच्या मिठाच्या विटांमध्ये मोरचूद मिसळले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियात सुपरफॉस्फेट खतात तांबे मिसळून ते जमिनीवर पसरण्याची पद्धत रुजली. त्यामुळे केवळ मेंढ्या वाचल्या नाहीत, तर जिथे काही उगवत नव्हते अशा वालुकामय पट्ट्यांत क्लोव्हर आणि धान्याची पिकेही येऊ लागली. पुढे तांब्याची इंजेक्शने आली. त्यानंतर जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरलेल्या कॉपर ऑक्साइडच्या बारीक सुया आल्या. त्या मेंढीच्या पोटात अडकून राहतात आणि कित्येक आठवडे थोडे थोडे तांबे सोडतात.

प्रमाण चुकले तर मात्र हाच उपाय जीवघेणा ठरे. पाळीव प्राण्यांत मेंढी तांब्याच्या विषबाधेला सर्वांत लवकर बळी पडते. जादा तांबे तिच्या यकृतात साठत जाते आणि एक दिवस एकदम रक्तात उतरून लाल पेशी फोडते. त्यामुळे गाईंसाठी बनवलेला खुराक मेंढ्यांना घालू नये, हा नियम पशुवैद्यकात रूढ झाला.

या काळात स्वेबॅकने माणसांच्या मज्जासंस्थाशास्त्राचे दार एकदा ठोठावले होते. १९४७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक लेख आला. केंब्रिजमध्ये स्वेबॅकवर काम केलेल्या सात संशोधकांपैकी चौघांना मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार झाल्याचे त्यात नोंदले होते. लुळ्या कोकरांपासून काही संसर्ग होतो की काय, अशी शंका निघाली. पुढच्या काळात तिला पुरावा मिळाला नाही. मात्र तांब्याच्या उणिवेने माणसाचाही मज्जारज्जू बिघडू शकेल का, हा सरळ प्रश्न या चर्चेत मागे पडला.

लोकर पाहून ओळखलेला आजार

मेंढीकडून माणसाकडे जाणारा पहिला पूल ऑस्ट्रेलियात बांधला गेला. १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील डॉक्टर जॉन मेंकेस यांनी एकाच कुटुंबातील पाच मुलग्यांच्या आजाराचे वर्णन केले. या बाळांची वाढ थांबे, झटके येत, मेंदू झिजे आणि केस विरळ, फिकट व पिळवटलेले असत. आजार आनुवंशिक होता, कारण माहीत नव्हते. मेलबर्नमधील बालरोगतज्ज्ञ डेव्हिड डँक्स यांना या मुलांचे केस आणि तांबे कमी पडलेल्या मेंढ्यांची पोलादी लोकर यांतले साम्य जाणवले. त्यांनी मुलांच्या रक्तातले तांबे मोजले, ते अगदी कमी निघाले. आतड्यातून तांबे शरीरात शिरतच नाही, हा दोष त्यांनी १९७२ मध्ये मांडला. लोकरीच्या देशात काम करणाऱ्या डॉक्टरच्या नजरेला हे साम्य पडले, ही योगायोगाची बाब म्हणता येणार नाही. १९९३ मध्ये तीन संशोधक गटांनी या आजाराचे जनुक शोधले. आता ते ‘एटीपी७ए’ या नावाने ओळखले जाते.

मेंकेस आजार जन्मजात आणि दुर्मीळ होता. जन्मतः निरोगी माणसाला तांबे कमी पडू शकते, हे पेरूची राजधानी लिमा येथे दिसले. १९६४ मध्ये अँजेल कॉर्डानो आणि जॉर्ज ग्रॅहम यांच्या गटाने कुपोषणातून सावरणाऱ्या, प्रामुख्याने दुधावर वाढवलेल्या बाळांमध्ये रक्तक्षय, पांढऱ्या पेशींची घट आणि हाडांचे बदल नोंदवले. तांबे दिल्यावर ते सुधारले. सत्तरीच्या दशकात आतडी निकामी झालेल्या रुग्णांना पूर्णपणे शिरेतून पोषण देण्याची पद्धत रुळली. त्या द्रावणात तांबे घालायचे राहिले, तेव्हा प्रौढांतही तसाच रक्तक्षय दिसला. या सगळ्या नोंदींत लक्ष रक्तावरच होते. विस्कॉन्सिनच्या उंदरांनी घालून दिलेल्या वाटेनेच वैद्यक चालले होते.

जस्ताची बाजू

माणसात तांबे कमी पडण्याचे एक मोठे कारण आहाराबाहेर निघाले. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे आनंद प्रसाद हे जस्ताच्या पोषणाचे जाणकार. सिकल सेल आजाराच्या रुग्णांना त्यांनी रोज १५० मिलिग्रॅम जस्त दिले होते. त्यामुळे रक्तातले तांबे घटते, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले. जस्त जास्त झाले की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करतात. हे प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरते. आतड्याच्या पेशी काही दिवसांत गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर तांबेही बाहेर जाते.

याच गुणाचा उपयोग उलट दिशेनेही झाला. विल्सनच्या आजारात यकृतात आणि मेंदूत तांबे साठते. त्याचे शोषण रोखण्यासाठी नेदरलँड्स आणि अमेरिकेत जस्ताचे उपचार वापरात आले आणि १९९७ मध्ये अमेरिकेत झिंक ॲसिटेटला या आजारासाठी मान्यता मिळाली. एका रुग्णाला औषध ठरणारे जस्त निरोगी माणसाने सर्दीवर किंवा ताकदीसाठी महिनोन्‌महिने घेतले, तर त्याचा मज्जारज्जू धोक्यात येतो, हे मात्र तोवर ध्यानात आले नव्हते.

महाराष्ट्रात याच सुमारास तांब्याची दुसरी बाजू समोर आली. लहान मुलांचे यकृत कठीण होऊन त्यांचा बळी घेणारा इंडियन चाइल्डहूड सिरोसिस हा आजार पुणे परिसरात बराच आढळत असे. पुण्यातील शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटिश सहकारी स्टुअर्ट टॅनर यांच्या १९८७ च्या अभ्यासात, तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या आणि साठवलेल्या दुधाशी त्याचा संबंध दिसला. दुधातील प्रथिने भांड्यातले तांबे ओढून घेतात आणि ते बाळाच्या यकृतात साठते. बाळाच्या दुधासाठी तांब्या-पितळेची भांडी वापरणे थांबले, तसा हा आजार ओसरला. त्यामुळे इथल्या डॉक्टरांना तांब्याचा धोका आधी समजला, तो अतिरेकाच्या रूपात.

माणसातला स्वेबॅक

२००१ मध्ये जर्मनीतील श्लेपर आणि स्ट्युरेनबुर्ग यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीच्या मज्जारज्जूच्या आजाराचे मूळ तांब्याची उणीव असल्याचे नोंदवले. २००३ पासून अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे नीरज कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या नोंदी सातत्याने प्रसिद्ध केल्या. २००४ च्या लेखात १३ रुग्ण होते. २००६ च्या लेखाच्या शीर्षकातच कुमार यांनी या आजाराला ‘ह्यूमन स्वेबॅक’, म्हणजे माणसातला स्वेबॅक, म्हटले. सत्तर वर्षांपूर्वीच्या पशुवैद्यांच्या कामाशी नाते असे उघडपणे सांगितले गेले.

लक्षणे साधारण एकाच क्रमाने येतात. आधी तळपायांना मुंग्या आणि बधिरपणा. मग पाऊल नेमके कुठे पडते ते कळेनासे होते, अंधारात किंवा डोळे मिटून उभे राहिले की तोल जातो, पाय ताठरतात आणि चाल अडखळते. हे चित्र ‘बी-१२’ जीवनसत्त्वाच्या उणिवेने होणाऱ्या मज्जारोगासारखेच असते. त्याचे वर्णन लंडनमध्ये रसेल, बॅटन आणि कोलियर यांनी १९०० मध्येच केले होते. दोन्ही आजारांत मज्जारज्जूचा मागचा पट्टा बिघडतो आणि एमआरआयमध्ये मानेच्या भागात तो तसाच दिसतो. त्यामुळे डॉक्टर ‘बी-१२’ तपासत, ते ठीक निघे किंवा थोडे कमी निघून इंजेक्शने सुरू होत, आणि रुग्णाची चाल बिघडतच जाई. रक्तक्षय आणि पांढऱ्या पेशींची घट सोबत असली तर अस्थिमज्जेचा मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम हा गंभीर आजार असल्याचे निदान काहींच्या वाट्याला येई. अस्थिमज्जेच्या नमुन्यात पेशींमध्ये दिसणारे पोकळ ठिपके ही तांब्याच्या उणिवेची खूण आहे, हे हळूहळू सर्वज्ञात झाले.

कारणे शोधली गेली तेव्हा सर्वांत मोठा गट पोटावर शस्त्रक्रिया झालेल्यांचा निघाला. जैसर आणि विन्स्टन यांनी २०१० मध्ये, तोवर प्रसिद्ध झालेल्या ५५ रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतील जवळजवळ निम्म्या जणांच्या जठरावर किंवा आतड्याच्या वरच्या भागावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. तांबे मुख्यतः जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्यांत किंवा वजन घटवण्यासाठी बायपास केलेल्यांत नेमका तोच भाग वगळला जातो. आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात १९६० च्या दशकात केली. तिचे हे उशिराचे परिणाम दिसायला अनेकदा कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे रुग्णाला आणि डॉक्टरलाही दोन्हींचा संबंध सुचत नाही. सीलिअॅक आजार आणि शोषणाचे इतर विकार हा आणखी एक गट.

दुसरा मोठा गट जादा जस्ताचा. त्यातले सर्वांत अनपेक्षित कारण २००८ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथून नोंदले गेले. चार रुग्णांचे दात गेलेले होते. त्यांची कवळी नीट बसत नव्हती, म्हणून ती चिकटवायला ते आठवड्याला दोन किंवा अधिक ट्यूब पेस्ट वापरत होते. त्या पेस्टमध्ये ग्रॅममागे १७ ते ३४ मिलिग्रॅम जस्त होते. प्रौढाला जस्त रोज सुमारे १० मिलिग्रॅम लागते. या रुग्णांच्या पोटात त्याच्या कितीतरी पट जात होते. २०१० मध्ये एका मोठ्या उत्पादकाने जस्त असलेली पेस्ट बनवणे थांबवले. नाणी गिळण्याची सवय असलेल्या मानसिक रुग्णांतही तांब्याची उणीव आढळली. अमेरिकेत १९८२ पासून पाडलेली एक सेंटची नाणी मुख्यतः जस्ताची आहेत.

निदान आणि उपचार

या आजाराच्या निदानासाठी रक्तातील तांबे, सेरुलोप्लाझ्मिन आणि जस्त या तीन चाचण्या पुरतात. सेरुलोप्लाझ्मिन हे रक्तातील तांबे वाहणारे प्रथिन हॉल्मबर्ग आणि लॉरेल यांनी १९४८ मध्ये वेगळे केले. आकडे वाचताना दोन सावधगिऱ्या लागतात. गर्भारपण, संसर्ग किंवा सूज असताना तांब्याची पातळी वाढते आणि खरी उणीव झाकली जाते. उलट विल्सनच्या आजारातही सेरुलोप्लाझ्मिन कमी दिसते, पण तिथे शरीरात तांबे साठलेले असते. अशा रुग्णाला तांबे देणे घातक ठरते. त्यामुळे दोन्ही आजारांत फरक करूनच उपचार ठरवावा लागतो.

उपचारात जादा जस्त बंद करणे ही पहिली पायरी. मग तोंडाने तांबे दिले जाते. मेयो क्लिनिकच्या पद्धतीत पहिल्या आठवड्यात रोज ८, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ४ आणि त्यानंतर रोज २ मिलिग्रॅम. शोषण अगदीच होत नसेल तर काही दिवस शिरेतून द्यावे लागते. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना पूरक तांबे कायम घ्यावे लागू शकते. जस्ताच्या गोळ्या सुरू ठेवून आहारात तीळ, काजू किंवा कलेजी वाढवली, तर वाढीव तांबेही आतड्यातच अडकते.

रक्त साधारण महिना-तीन महिन्यांत पूर्ववत होते. मज्जारज्जूची गोष्ट तशी नाही. बहुतेक रुग्णांत बिघाड वाढण्याचे थांबते, बधिरपणा काहीसा कमी होतो, पण गेलेली चाल पूर्णपणे परत येण्याची शक्यता थोडीच असते. उपचार उशिरा मिळाल्याचा हा परिणाम डर्बीशायरच्या कोकरांत कितीतरी आधीच दिसला होता. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा दीर्घकाळ जस्त घेणाऱ्या माणसाची चाल बिघडू लागली, तर ‘बी-१२’सोबत तांबेही तपासावे, हा आजच्या मज्जासंस्थाशास्त्राचा धडा आहे.